गुणांचे चलन आणि प्रवेशाचा बाजार

दर वर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की वृत्तपत्रांचे रकाने चार दिवस टक्केवारीच्या आकड्यांनी भरून जातात. पुढे काही आठवड्यांतच अकरावी प्रवेशाची पहिली यादी जाहीर होते, आणि ज्या घरांत निकालाच्या दिवशी पेढे वाटले गेले त्यांपैकीच पुष्कळ घरांत सुतकी शांतता पसरते. मुलीला ब्याण्णव टक्के मिळालेले असतात. ज्या महाविद्यालयाकडे तिचे डोळे लागलेले असतात, तेथील यादी चौऱ्याण्णवावर थांबलेली असते. आपले नेमके काय चुकले हे मुलीला उमगत नाही, आणि तिची समजूत कशी घालावी हे आईवडिलांना कळत नाही.

प्रस्तुत लेखक शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला त्या काळी पंचाहत्तर टक्के मिळवणाऱ्यास 'डिस्टिंक्शन' मिळाले असे म्हणत आणि गल्लीत त्याचा लौकिक होत असे. आज तेवढेच गुण मिळवणारा विद्यार्थी आपली टक्केवारी खालच्या आवाजात सांगतो. मधल्या पाव शतकात मुले एवढी हुशार झाली काय? झाली असती तर त्यात आनंदच होता. परंतु पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवताना तसा पडताळा येत नाही. मुलांची बुद्धी होती तशीच आहे. ती मोजण्याचे नाणे मात्र स्वस्त झाले आहे.

नाण्याची उपमा येथे केवळ सोयीसाठी घेतलेली नाही. पैसा हे जसे मूल्य मोजण्याचे साधन असते, तसेच ते विनिमयाचेही साधन असते. गुणांचेही तेच आहे. जोवर गुणांचा उपयोग विद्यार्थ्याला विषय किती समजला हे मोजण्यापुरता होता, तोवर ते फुगवण्यात कोणाचे विशेष हित नव्हते. परंतु मोजक्या, नामांकित महाविद्यालयांतील जागा ज्या दिवशी गुणांच्या मोबदल्यात मिळू लागल्या, त्या दिवशी गुण हे चलन झाले. आणि चलन छापण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला ते अधिक छापण्याचा मोह पडतो, हा अर्थशास्त्राचा जुना अनुभव आहे. या चलनवाढीचा फटका कोणाला बसतो आणि त्यावर योजलेले उपाय त्याला कितपत तारतात, हा खरा प्रश्न आहे.

अनेक टांकसाळी, एक बाजार

महाराष्ट्रात दहावीचे गुण देणारी मंडळे एकाहून अधिक आहेत. राज्य मंडळ आहे, केंद्रीय मंडळ आहे, 'आयसीएसई'चे मंडळ आहे. प्रत्येकाची टांकसाळ स्वतंत्र. पण मुंबई-पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांतील जागांचा बाजार मात्र एकच. अशा स्थितीत जे मंडळ सढळ हाताने गुण देईल त्याच्या विद्यार्थ्यांचा लाभ होणार आणि जे हात आखडता घेईल त्याच्या विद्यार्थ्यांचे नुकसान होणार, हे उघड आहे.

हा पेच सोडवण्याचे प्रयत्न राज्य शासनाने केले नाहीत असे नाही. २००८ साली निरनिराळ्या मंडळांचे गुण एका पट्टीवर आणण्यासाठी 'पर्सेंटाइल'चे सूत्र काढण्यात आले. ते न्यायालयात टिकले नाही. २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा निर्णय झाला. तोही मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. २०१० साली 'बेस्ट फाइव्ह'चे धोरण आले, म्हणजे सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी काढायची. उच्च न्यायालयाने तेही अमान्य केले. परंतु सर्वोच्च न्यायालयात ते तरले. तीन वर्षांत योजलेल्या या तीन उपायांपैकी जो टिकला तो कोणता, हे पाहण्यासारखे आहे. गुणांची तुलना करण्याचा उपाय गेला, जागा वाटून देण्याचा उपाय गेला, आणि ज्याने सर्वांचीच टक्केवारी वर सरकते तेवढा उपाय उरला. दुसऱ्या टांकसाळींशी स्पर्धा करण्यासाठी आपलीही टांकसाळ जोरात चालवायची, असाच त्याचा व्यावहारिक अर्थ झाला.

याच्या उलट दिशेने एकदाच पाऊल पडले, आणि त्याचे काय झाले ते विसरता येणार नाही. २०१९च्या परीक्षेसाठी राज्य मंडळाने भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळांच्या हातचे अंतर्गत गुण काढून घेतले. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, तो २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला. शंभर टक्के मिळवणारे विद्यार्थी २०१८ साली १२५ होते, ते २० झाले. शैक्षणिक दृष्ट्या हा निर्णय समर्थनीय होता; तोंडी परीक्षेचे गुण बहुतेक शाळांत सरसकट दिले जातात हे शिक्षकांना ठाऊक होते. पण इतर मंडळांनी आपले अंतर्गत गुण कायम ठेवलेले असल्यामुळे राज्य मंडळाच्या मुलांवर अन्याय होणार अशी ओरड झाली, आणि ती निराधार नव्हती. अकरावीच्या जागा वाढवाव्या लागल्या, आणि अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला आणि शंभर टक्केवाल्यांची संख्या २४२ वर गेली. शस्त्रसंन्यास एकट्याने करता येत नाही, हा धडा राज्य मंडळ एका वर्षात शिकले.

शंभर टक्क्यांची भिंत

महाराष्ट्रात जे दहावीच्या पातळीवर घडले तेच दिल्लीत बारावीच्या पातळीवर, आणि अधिक ठळकपणे घडले. दिल्ली विद्यापीठाच्या महाविद्यालयांत देशभरातून विद्यार्थी येतात. महाराष्ट्रातून जाणारेही थोडे नाहीत. तेथे कित्येक वर्षे प्रवेश केवळ बारावीच्या गुणांवर दिले जात. २०११ साली श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बी.कॉम. ऑनर्ससाठी, बारावीला वाणिज्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांकरिता, १०० टक्क्यांची मर्यादा जाहीर केली तेव्हा देशभर खळबळ उडाली. तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनीही नापसंती व्यक्त केली. दहा वर्षांनी, २०२१ साली, विद्यापीठातील अनेक महाविद्यालयांनी निरनिराळ्या विषयांसाठी तीच मर्यादा लावली, तेव्हा बातमी छापून आली आणि लोक आपापल्या कामाला लागले.

दरम्यान काय घडले होते? केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत ९५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे विद्यार्थी २०१९ साली १७,६९३ होते. २०२० साली ते ३८,६८६ झाले. २०२१ साली साथीमुळे परीक्षाच रद्द झाली. दहावीचे ३०, अकरावीचे ३० आणि बारावीचे ४० टक्के अशा सूत्राने निकाल लावण्यात आला, आणि ही संख्या ७०,००४ वर पोहोचली. पुढच्या वर्षी परीक्षा पुन्हा झाल्यावर ती ३३,४३२ पर्यंत उतरली. पण तरीही २०१९च्या मानाने ती जवळजवळ दुप्पट होती. किमती एकदा चढल्या की मूळ पातळीवर उतरत नाहीत, याची प्रचीती येथेही येते.

ही वाढ थोपवण्याची इच्छा मंडळांना मुळीच नव्हती असे म्हणता येणार नाही. कठीण प्रश्नपत्रिकेच्या नावाखाली सरसकट वाढीव गुण देण्याची 'मॉडरेशन'ची प्रथा बंद करण्याचे केंद्रीय मंडळाने इतर मंडळांच्या सहमतीने २०१७च्या एप्रिलमध्ये ठरवले. परंतु विद्यार्थी परीक्षा देऊन बसल्यानंतर नियम बदलता येणार नाही, असे सांगून दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षापुरती ती प्रथा चालू ठेवावयास लावली. न्यायालयाचे म्हणणे रास्त होते. तथापि, चलनवाढ रोखण्यासाठी 'योग्य वर्ष' कधीच उजाडत नाही, हेही तितकेच खरे.

शंभरच्या भिंतीला गुण टेकले की आणखी एक आपत्ती ओढवते. पाच किलोच्या पुढचे वजन न दाखवणाऱ्या ताणकाट्याला सहा किलोचे पोते लावले काय आणि नऊ किलोचे लावले काय, काटा तेथेच थांबणार. असाधारण विद्यार्थी आणि केवळ नेटका विद्यार्थी यांतील फरक गुणपत्रिका दाखवेनाशी होते. मग निवड कशावर होते? पाचशे गुणांपैकी एक गुण म्हणजे ०.२ टक्के. नामांकित महाविद्यालयांच्या याद्यांत शेकडो मुले या ०.२ टक्क्यांच्या अंतराने आत राहतात किंवा बाहेर पडतात. ज्याने उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला हे ठाऊक असते, की एकाच निबंधाला दोन प्रामाणिक परीक्षक याहून अधिक फरकाचे गुण देऊ शकतात. गुणवत्तेच्या नावाखाली आपण पुष्कळदा सोडत काढत असतो, आणि तिच्यात हरलेल्या मुलाला तू कमी पडलास असे सांगत असतो. त्यातच अकरावीला इन-हाउस, अल्पसंख्याक आणि व्यवस्थापन कोटा वजा झाल्यावर उरलेल्या जागांसाठी ही सोडत अधिकच अटीतटीची होते.

जुने नाणे गेले, नवे आले

लोकांचा चलनावरचा विश्वास उडाला की ते दुसऱ्या चलनाकडे वळतात. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी एक सामाईक परीक्षा अनिवार्य केली, आणि दिल्ली विद्यापीठात बारावीच्या गुणांचे महत्त्व पात्रतेपुरते व समसमान गुणांचा तिढा सोडवण्यापुरते उरले. तांत्रिक शिक्षणात हे आधीच घडले होते. अभियांत्रिकीच्या अखिल भारतीय परीक्षेत २०१३ पासून बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन देण्यात आले, ते २०१७ पासून काढून टाकण्यात आले. महाराष्ट्राने २०१४ व २०१५ या दोन वर्षी बारावीचे गुण व ती अखिल भारतीय परीक्षा यांना निम्मे-निम्मे वजन देऊन पाहिले, आणि २०१६ साली पुन्हा आपल्या सामाईक प्रवेश परीक्षेची वाट धरली.

प्रवेश परीक्षेच्या बाजूने एक निर्विवाद युक्तिवाद आहे. तिची पट्टी सर्वांना एकच असते. कोणत्या मंडळाची टांकसाळ किती उदार आहे हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. परंतु तिची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. पहिली किंमत शाळा व कनिष्ठ महाविद्यालये यांनी मोजली. बारावीच्या गुणांना मोल उरले नाही, तेव्हा विज्ञान शाखेचे वर्ग ओस पडले. विद्यार्थ्याचे नाव एका महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी दिवसभर खासगी शिकवणीत, हा प्रकार इतका रूढ झाला की राज्य शासनाला २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. ठशाच्या यंत्राने मुले वर्गात आणता येतात, पण ज्या वर्गाची त्यांना गरज वाटत नाही त्या वर्गात त्यांचे मन आणता येत नाही. शिक्षकांच्या खोलीत बसून रिकाम्या बाकांकडे पाहणारे माझे सहकारी हे कोणत्याही समितीपेक्षा अधिक चांगले सांगू शकतील.

दुसरी किंमत पालकांनी मोजली, आणि ती रोख मोजली. शिकवणी वर्गांच्या शुल्कावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे मुलाच्या तयारीसाठी दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे आणखी अठरा रुपये शासनाच्या तिजोरीत जातात. कोटा, लातूर अशी शहरेच्या शहरे या अर्थव्यवस्थेवर उभी आहेत. लातूरच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी घेतलेल्या कष्टांचा मला आदर आहे. महानगरांपासून दूर असलेल्या मराठवाड्यातील मुलांनी स्पर्धेत कोणापेक्षा मागे राहायचे नाही, ही त्यामागील जिद्द खरी होती. परंतु जो पालक लातुरात मुलासाठी खोली घेऊ शकत नाही आणि वर्गाचे शुल्कही भरू शकत नाही, त्याच्या मुलाच्या हाती काय उरते?

शिवाय नवे नाणेही फुगण्यापासून मुक्त नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी ७२० गुण २०२३ साली दोघांना मिळाले होते. २०२४च्या पहिल्या निकालात ते ६७ जणांना मिळाले. पुढे वाढीव गुण रद्द होऊन आणि एका प्रश्नाच्या उत्तराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ती संख्या १७ वर आली. त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका फुटल्याचेही तपासात निष्पन्न झाले. नाणे बदलले म्हणून खोटी नाणी पाडणारे नाहीसे होत नाहीत.

याच्या नेमका उलट प्रयोग तामिळनाडूने केला होता. त्या राज्याने २००७ साली प्रवेश परीक्षा रद्द करून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश बारावीच्या गुणांवर आणले. ग्रामीण मुलांचे हित हा त्यामागील हेतू होता. थोड्याच वर्षांत नामक्कलसारख्या ठिकाणी निवासी शाळांचे पेव फुटले. अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून ठेवून दोन वर्षे बारावीचीच घोकंपट्टी करून घ्यायची, हा तेथील परिपाठ झाला. तो मोडण्यासाठी राज्याला पुढे अकरावीचीही सार्वजनिक परीक्षा सुरू करावी लागली. २०१७ साली 'नीट' लागू झाल्यावर तमिळ माध्यमाच्या व सरकारी शाळांतील मुलांचा वैद्यकीय प्रवेशांतील वाटा आणखी घसरला, असे न्या. ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखवून दिले. तत्पूर्वीच, २०२० साली, राज्याने सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या होत्या. तात्पर्य, शालेय गुण घ्या किंवा प्रवेश परीक्षा घ्या, दोन्ही नाणी ज्याच्यापाशी साधने आहेत त्याच्या खिशात अधिक सहज जातात. म्हणून 'गुण की परीक्षा' हा वाद जितका तावातावाने घातला जातो तितका तो मूलगामी नाही.

शाळेतली पहिली

मग मूलगामी प्रश्न कोणता? काही वर्षांपूर्वी माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात तालुक्याच्या गावाहून आलेली एक मुलगी होती. तिला दहावीला शहाऐंशी टक्के होते. शहरातील ज्या महाविद्यालयात तिला जायचे होते तेथे तिचा निभाव लागणे शक्यच नव्हते, म्हणून ती आमच्याकडे आली. एकदा सहज विचारले तेव्हा कळले, की ती तिच्या शाळेत पहिली आली होती आणि दुसऱ्या आलेल्या मुलाला एकाहत्तर टक्के होते. गणिताचे शिक्षक वर्षातले कित्येक महिने नव्हते. ही माहिती तिच्या गुणपत्रिकेवर कोठेही नव्हती. ज्या शाळेतील अर्ध्या मुलांना नव्वदच्या पुढे गुण असतात तेथील चौऱ्याण्णव टक्के, आणि हिचे शहाऐंशी टक्के, यांत श्रेष्ठ काय? केंद्रीकृत प्रवेशाच्या यंत्राला हा प्रश्नच पडत नाही, कारण आपण तो त्याला कधी विचारलेला नाही.

शालेय गुणांतून मुलाच्या योग्यतेविषयी नेमके काय कळते, यावर अमेरिकेत अलीकडे पुष्कळ संशोधन झाले आहे, आणि त्याचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. शिकागोच्या सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांविषयीचा २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की मूल पुढे पदवी पूर्ण करील की नाही याचे भाकीत प्रवेश परीक्षेच्या गुणांपेक्षा शालेय गुणांवरून अधिक चांगले करता येते. उलट जॉन फ्रीडमन व त्यांचे सहकारी यांनी तेथील अत्यंत निवडक विद्यापीठांविषयी २०२४ साली मांडलेला निष्कर्ष असा, की तेथील यशाचे भाकीत शालेय गुणांवरून फारसे होत नाही, परीक्षेवरून होते. साथीच्या काळात ऐच्छिक केलेली परीक्षा एमआयटीने २०२२ साली आणि डार्टमथने २०२४ साली पुन्हा सक्तीची केली. या दोन निष्कर्षांत माझ्या मते विरोध नाही. सर्वसाधारण शाळांत गुणांमध्ये अजून चढउतार आहेत, म्हणून ते बोलतात. वर्षानुवर्षांचा अभ्यास, नियमितपणा, चिकाटी यांची साक्ष देतात. सर्वांत वरच्या थरात मात्र अर्जदारांचे गुण शिखरापाशी दाटलेले असतात, म्हणून ते मुके होतात. गुण निरुपयोगी नाहीत. आपण ते चुकीच्या रीतीने वाचतो आहोत.

ते वाचण्याची दुसरी रीत टेक्सास राज्याने १९९७ साली कायद्याने आणली. प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास न्यायालयाने मज्जाव केल्यावर, राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेत पहिल्या दहा टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याला राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत थेट प्रवेश देण्याचे ठरले; मग ती शाळा श्रीमंत उपनगरातील असो की सीमेवरच्या गरीब गावातील. ऑस्टिनच्या विख्यात विद्यापीठात पूर्वी जेथून क्वचितच कोणी येई अशा शाळांतून मुले येऊ लागली. ती तेथे टिकली काय? ब्लॅक, डेनिंग व रॉथस्टीन या अर्थशास्त्रज्ञांनी याचा माग काढला. ज्यांना या नियमामुळे संधी मिळाली त्यांचे पदवी मिळवण्याचे प्रमाण वाढले. आणि ज्यांची संधी गेली त्यांचे पुढे विशेष नुकसान झाल्याचे आढळले नाही, कारण त्यांना अन्य चांगली महाविद्यालये खुली होती. धोरणाच्या अभ्यासात इतका अनुकूल ताळेबंद फारसा पाहावयास मिळत नाही.

या पद्धतीचा आर्थिक गाभा असा, की शाळेतील क्रमांक फुगवता येत नाही. शाळेने सर्वांना पंचाण्णव टक्के वाटले तरी शंभर मुलांतील पहिली दहा दहाच राहणार. टांकसाळ कितीही चालवली तरी या नाण्याची संख्या वाढत नाही.

आक्षेप आणि मर्यादा

याला आक्षेप आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. टेक्सासमध्येच काही पालकांनी मुलांना मुद्दाम कमी स्पर्धेच्या शाळांत घातल्याचे अभ्यासात आढळले. आपल्याकडे तर नावापुरता प्रवेश एका ठिकाणी आणि अभ्यास दुसऱ्या ठिकाणी ही कला आधीच पूर्णत्वास गेलेली आहे. तेव्हा त्याच शाळेत किमान तीन वर्षे शिकल्याची अट हवी. टेक्सासमध्ये या मार्गाने येणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून ऑस्टिनपुरती तिला मर्यादा घालावी लागली आणि दहा टक्क्यांची पात्रता तेथे पुढे पाच टक्क्यांपर्यंत आली. आपणही सर्व जागा या रीतीने भरू नयेत. शिवाय, चांगल्या शाळेतील पंधरावी मुलगी खरोखरच हुशार असू शकते. तिच्यासाठी सामाईक कसोटीचा मार्ग खुला राहिला पाहिजे.

हे ध्यानात घेऊन काही साध्या गोष्टी करता येतील. पहिली गोष्ट म्हणजे, प्रत्येक मंडळाच्या गुणपत्रिकेवर टक्केवारीच्या जोडीला विद्यार्थ्याचे त्या मंडळातील आणि त्या शाळेतील सापेक्ष स्थान छापावे. यासाठी नवी परीक्षा लागत नाही. आकडे मंडळांच्या संगणकात आजच पडून आहेत. दुसरी, शासकीय व अनुदानित महाविद्यालयांतील काही जागा, समजा एक-पंचमांश, घटनादत्त आरक्षणाला हात न लावता प्रत्येक प्रवर्गात, आपापल्या शाळेत अग्रभागी असलेल्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. तिसरी, जेथे प्रवेश परीक्षा आहे तेथेही बारावीच्या सापेक्ष स्थानाला काही वजन असावे, म्हणजे वर्गात बसण्याला पुन्हा अर्थ येईल. नुसत्या टक्केवारीला वजन देण्याचा प्रयोग आपण करून सोडून दिला आहे. क्रमांकाला देऊन पाहिलेले नाही.

२००८चे सूत्र न्यायालयात टिकले नाही, मग हे कसे टिकेल, असे कोणी विचारील. तो प्रश्न रास्त आहे. परंतु त्या वेळी निकाल हाती आल्यानंतर प्रवेशाच्या तोंडावर घाईघाईने नियम केले गेले. पुरेशी पूर्वसूचना देऊन, विधिमंडळात चर्चा करून केलेल्या कायद्याची गोष्ट वेगळी असेल.

एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. प्रवेशाची कोणतीही पद्धत जागांची वाटणी बदलते, चांगल्या जागा निर्माण करीत नाही. २०२५ साली प्रथमच संपूर्ण राज्यासाठी अकरावीचे प्रवेश एकाच केंद्रीय प्रक्रियेतून झाले. राज्यात वीस लाखांहून अधिक जागा होत्या, आणि प्रक्रिया संपली तेव्हा त्यांतील लाखो रिकाम्या राहिल्या. म्हणजे टंचाई जागांची नाही. पालकांचा ज्यांवर विश्वास बसेल अशा महाविद्यालयांची आहे. वर्षानुवर्षे न भरलेली अध्यापकांची पदे, तासिका तत्त्वावर राबणारे तरुण शिक्षक, कुलूपबंद प्रयोगशाळा यांनी हा विश्वास गमावला आहे. मोजक्या महाविद्यालयांची यादी पंचाण्णवावर थांबते याचे एक कारण हे, की उरलेल्या शेकडो महाविद्यालयांकडे आपण पाठ फिरवली आहे.

ते काम मोठे आहे आणि त्याला पैसा लागेल. गुणपत्रिकेवर एक ओळ वाढवण्याला मात्र फारसा पैसा लागत नाही. वर उल्लेखिलेली मुलगी आमच्याकडून अर्थशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेऊन गेली. तिचे बरे चालले आहे. पण तिच्या शाळेतून तिच्यानंतर पहिल्या आलेल्या मुलांचे काय झाले हे मला ठाऊक नाही. पुढच्या जूनमध्ये त्या शाळेत पुन्हा कोणीतरी पहिले येईल. त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गुणपत्रिकेवर एवढी तरी नोंद असावी, की उपलब्ध परिस्थितीत याहून अधिक कोणी करून दाखवलेले नाही. ती नोंद वाचायची की नाही, हे मग महाविद्यालयांना आणि शासनाला उघडपणे ठरवावे लागेल.